मातीतून मॅटवर: बाकावरच्या नवख्या कबड्डीपटूची तयारी

वाळवा, पलूस, कराडकडची पोरं मातीवर कुणाला ऐकत नाहीत. व्यावसायिक संघात मात्र सातजण आत आणि पाचजण बाकावर असतात, नि नवखा बहुतेक वेळा त्या पाचांत बसतो. सांगलीचा नितीन मदने २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघात होता. म्हणजे आपल्याकडून वाट आहे. पण ती सरावातून जाते.

आधी पाय तयार करा. मातीवर पाऊल थोडं घसरतं, त्यामुळे झटका तिथंच जिरतो. मॅटवर बूट जागीच धरतो, अंग वळतं आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून पहिले दोन आठवडे रोज २०-२५ मिनिटं फक्त पावलं घोटा: मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत (चढाईत ओलांडावीच लागते ती रेषा) ३.७५ मीटर आत, तिथं थांबणं, वळणं, परत. वेग नंतर.

मग एकच जागा धरा. सगळं थोडं थोडं येणाऱ्यापेक्षा एक डावा कोपरा (बचावफळीतली टोकाची जागा) पक्का असलेला पोरगा प्रशिक्षकाला जास्त कामाचा. कोपऱ्यावरच्या नवख्याची नेहमीची चूक म्हणजे उतावळी पकड. चढाईपटू समोर बघत असताना घोट्यावर झेपावलात, तर तो वरून उडी मारून जातो. तो परतायला वळला, मागच्या पायावर भार आला, तेव्हा जा. छाती खाली, दोन्ही हातांची मिठी घोट्याच्या वर, आणि लगेच कंबर मागं टाकून ओढ आपल्या बाजूला. एका हाताची पकड घामानं सुटते. त्याच क्षणी शेजारच्या कव्हरनं, म्हणजे कोपऱ्याच्या आतल्या बाजूच्या बचावपटूनं, आडवं यायला हवं, म्हणून त्याच्याबरोबर रोज २० पकडी करा; अनोळखी जोडीत साखळी तुटते. तिघांच्या बचावाचा सराव वेगळा ठेवा, कारण तीन किंवा कमी खेळाडू असताना पकड झाली की अव्वल पकडीचे २ गुण मिळतात.

चढाईपटूनं घड्याळ लावूनच सराव करावा. ३० सेकंदांतले पहिले १५ कोपरा हलवायला, उरलेले गुण घ्यायला. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण न मिळाल्यास बाद, आणि ती चढाई पेलणारा राखीव खेळाडू लवकर आत जातो. बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा जादा गुण, समोर सहा-सात जण असतानाच मिळतो, हे दमून गेल्यावरही ध्यानात राहिलं पाहिजे. स्पर्श होण्याआधी लॉबीत (मैदानाच्या दोन्ही कडेच्या पट्ट्यात) पाय गेला तर फुकट बाद; ही चूक ओळखीच्या मैदानातही होते, कारण मातीवर रेषा पुसट असते आणि नजरेला ती शोधायची सवयच नसते.

बाकावर बसल्यावर चेंडूच्या खेळासारखं सगळीकडे बघू नका. समोरचा एकच चढाईपटू निवडा: तो कोणत्या पायानं आत येतो, बोनसला कुठून जातो, कुठल्या बाजूनं परततो. मध्यंतरात तेवढंच आपल्या कोपऱ्याला सांगा. दर पाच-सात मिनिटांनी उठून घोटे, मांड्या, खांदे मोकळे करा. बोलावणं आलं की गार पायानं आत जायला लागू नये.