विल्सन 'हो' म्हणाला असता तर? जर-तरचा इतिहास लिहायचा कसा

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, हे जर-तर लिहिणाऱ्याला कुणी ना कुणी ऐकवतंच, पण खरी मजा त्याच्या पुढे आहे, मिशा आल्यावर आत्याबाईंच्या घरात काय काय उलथापालथ झाली असती ते लिहायचं. आपण उदाहरण घेऊ ब्रिटनचं. व्हिएतनामच्या युद्धासाठी अमेरिकेचा अध्यक्ष जॉन्सन सैन्य मागत राहिला आणि ब्रिटनचा पंतप्रधान हॅरोल्ड विल्सनने तोंडी पाठिंबा दिला, सैन्य काही दिलं नाही. समजा दिलं असतं तर?

आधी एकच खिळा हलवा. नवखे लोक विल्सनलाच युद्धखोर करून टाकतात, तसं नको, माणूस तोच ठेवा आणि त्याची अडचण वाढवा. अडचण होती पौंडाची. 1965 च्या उन्हाळ्यात पौंड अमेरिकेच्या आधाराने तग धरून होता, आणि जॉन्सनचा सल्लागार मॅकजॉर्ज बंडी याने लिहूनच दिलं होतं की पौंड वाचवायची वेळ आली की व्हिएतनाममधलं ब्रिटिश सैन्य अब्ज डॉलरच्या तोलाचं ठरेल. प्रत्यक्षात जॉन्सनने तशी उघड अट घातली नाही. तुमच्या गोष्टीत घालू दे. बास, एवढाच बदल.

आता आडवं काय येतं ते बघा, आणि इथेच जास्त वेळ घालवा कारण बहुतेक गोष्टी इथेच फसतात. ऑक्टोबर 1964 च्या निवडणुकीत विल्सनच्या लेबर पक्षाचं बहुमत जेमतेम 4 चं, म्हणजे डाव्या गटातले चार-पाच खासदार रुसले की सरकार गेलं. सैन्य बोर्निओच्या जंगलात इंडोनेशियाशी अडकलेलं, ते भांडण मिटलं ऑगस्ट 1966 मध्ये. सक्तीची भरती 1960 लाच बंद झालेली, त्यामुळे पोरं आणायची कुठून? म्हणून 1965 ला फक्त शब्द द्यायला लावा, मार्च 1966 च्या निवडणुकीत विल्सनला खरोखर मोठं बहुमत मिळालं तसं मिळू द्या (की व्हिएतनाममुळे तेच हुकतं? तुम्ही ठरवा), आणि पहिली बटालियन 1966 च्या शेवटी उतरवा, आधी नाही.

पुढचा जिना ऑस्ट्रेलियाकडून उसना घ्या, तो खरा घडलेला आहे. 1962 ला 30 सल्लागार, 1965 ला एक बटालियन, 1966 ला दक्षिण व्हिएतनामच्या फुओक तुय प्रांतात अख्खा टास्क फोर्स, आणि घरी वाढदिवसाच्या तारखांची सोडत काढून विशीतल्या मुलांची भरती. कुणीही एका दिवसात युद्धात उतरत नाही, पायरी पायरीने उतरतात.

मग हिशोब करा. खऱ्या इतिहासात नोव्हेंबर 1967 ला पौंड 2.80 डॉलरवरून 2.40 वर आणला आणि जानेवारी 1968 ला सुएझच्या पूर्वेकडून, म्हणजे सिंगापूर, मलेशिया, आखात इथून, सैन्य काढायचं जाहीर झालं. तुमच्या गोष्टीत डॉलर मिळतायत, मग अवमूल्यन टळतं की लांबतं? सिंगापूरचा तळ राहतो का? मला वाटतं लांबतं फक्त, कारण युद्धाचा खर्चही वाढतोच ना.

आणि दिल्लीला विसरू नका प्लीज, इंग्रजीत लिहिणारे हमखास विसरतात. व्हिएतनामची फाळणी ठरवणाऱ्या 1954 च्या जिनिव्हा परिषदेचं सहअध्यक्षपद ब्रिटन आणि रशियाकडे, तर तिथल्या करारावर देखरेख करणाऱ्या आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे. ब्रिटन स्वतःच लढायला लागला तर त्याला सहअध्यक्षपदाची खुर्ची सोडावी लागेल. त्यात सप्टेंबर 1965 च्या युद्धात विल्सनने लाहोर आघाडीवरून भारताला दोष दिला म्हणून दिल्ली आधीच भडकलेली. ब्रिटिश सैन्यातले गुरखा पाठवायचे असतील तर त्यांच्याबद्दलच्या 1947 च्या करारात नेपाळ आणि भारत दोघेही आहेत, शिवाय काठमांडूच्या डोक्यावर चीन, त्या प्रकरणाला एक अख्खा चॅप्टर द्या.

सुरुवात मात्र जंगलातून, हेलिकॉप्टरच्या घरघरीने करू नका, कंटाळा आलाय त्याचा. जॉन्सन म्हणाला होता म्हणे की निदान बॅगपाइप वाजवणारी एक तुकडी तरी पाठवा. तीच पाठवा, सायगॉनच्या धावपट्टीवर भर उन्हात लोकरी किल्ट घालून उतरलेली.