उष्ण हवामानात ब्रॉयलरच्या वाढीचा आलेख कसा ठेवावा आणि कसा वाचावा

ब्रॉयलर म्हणजे मांसासाठी वाढवली जाणारी कोंबडी. तिच्या एक दिवसाच्या पिलाचे वजन साधारण ४० ग्रॅम असते आणि मानवणारे तापमान मिळाले तर पाच आठवड्यांत ते दोन किलोंच्या पुढे जाते. पैदास कंपन्यांचे वजनाचे तक्ते अशाच अनुकूल परिस्थितीतले असतात. तीन-चार आठवड्यांनंतर शेडचे तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहील, हे त्यांत गृहीत धरलेले असते. दुपारी पारा ३५ अंशांवर जाणाऱ्या शेडमध्ये त्या तक्त्याशी तुलना करून पक्षी मागे पडले एवढेच कळते. ते कधीपासून आणि कशामुळे मागे पडले हे कळायला स्वतःच्या शेडचा आलेख ठेवावा लागतो.

पहिल्या आठवड्यात पिलांना ३२ ते ३४ अंशांची ऊब हवीच असते, त्यामुळे उष्ण हवामानाचा तेव्हा फारसा त्रास होत नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर चित्र पालटते. शरीर मोठे होते, पिसे दाट होतात, खाद्य वाढते आणि त्या खाद्याच्या पचनातून निर्माण होणारी उष्णताही वाढते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. सुमारे ४१ अंशांचे शरीर थंड ठेवायला तिच्यापाशी पंख पसरणे आणि चोच उघडून धापणे हेच मुख्य मार्ग उरतात. धापण्यात ऊर्जा खर्च होते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि पक्षी खाणे आपणहून कमी करतो. नर मादीपेक्षा वेगाने वाढतात, म्हणून त्यांची घटही अधिक दिसते. छातीचे मांस कमी भरते आणि पोटातली चरबी मात्र वाढते, हे नुकसान तर काट्यावर दिसतही नाही.

वजन दर आठवड्याला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आणि शक्यतो पहाटे खाद्य देण्यापूर्वी घ्यावे. शेडच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी जाळीचा आडोसा करून थोडे थोडे पक्षी हलकेच आत घ्यावेत. सगळे मिळून किमान शंभर असावेत. आडोशात आलेला प्रत्येक पक्षी मोजलाच पाहिजे. लहानखुरा पक्षी हातात आला की त्याला बाजूला सोडून देण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास सरासरी फुगते आणि आलेख फसवा होतो. त्याच नोंदवहीत दर दिवसाचे खाद्य, पाणी, मरतुक आणि शेडचे कमाल व किमान तापमान लिहावे. तापमापक पक्ष्यांच्या उंचीवर टांगावा, कारण माणसाच्या डोक्याच्या उंचीवरची हवा आणि लिटरलगतची, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या भुशाजवळची, हवा सारखी नसते.

आता आकडे कसे वाचायचे ते पाहू. समजा, २१व्या दिवशी सरासरी वजन ९०० ग्रॅम, २८व्या दिवशी १,४३० आणि ३५व्या दिवशी १,८७० भरले. चौथ्या आठवड्यातली वाढ ५३० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ७६. पाचव्यात ४४० ग्रॅम, म्हणजे दिवसाला सुमारे ६३. अनुकूल तापमानात या वयात दैनिक वाढ अजून चढती असायला हवी. एकूण वजन वाढतच असल्यामुळे ही घसरण नुसत्या वजनाच्या रेघेत लपते, म्हणून दैनिक वाढीची रेघ वेगळी काढावी.

घसरण दिसली की त्या आठवड्याचे खाद्य पाहावे. खाद्य कमी झाले, पाणी वाढले आणि तापमानाची नोंद चढलेली असेल, तर कारण बहुधा उष्णताच आहे. साधारण हवामानात पक्षी खाद्याच्या वजनाच्या पावणेदोन ते दोन पट पाणी पितो. कडक उन्हाळ्यात पाणी खाद्याच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक होऊ शकते. खाद्य आणि पाणी दोन्ही घटले असतील, तर आधी पाण्याची लाइन तपासावी आणि मग आजाराचा संशय धरून पशुवैद्यकाला बोलवावे.

उपायांत पहिला क्रम मी खाद्याच्या वेळेला देईन, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर काही तास चढत राहते, म्हणून दुपारच्या कडक उन्हाच्या चार ते सहा तास आधी खाद्य उचलावे आणि संध्याकाळी हवा उतरल्यावर सगळी भांडी एकाच वेळी भरावीत, नाहीतर भुकेले पक्षी एकमेकांवर चढतात. रात्री काही तास दिवे ठेवून खाऊ दिले की दिवसाची तूट बरीच भरून निघते. पाणी मात्र क्षणभरही बंद ठेवू नये आणि दुपारी पाइपातले तापलेले पाणी सोडून देऊन ताजे खेळवावे. खाद्यात प्रथिने नुसती वाढवू नयेत. जादा प्रथिनांच्या पचनातून जास्त उष्णता निघते. त्याऐवजी तेलातून ऊर्जा आणि लायसिन-मिथिओनिन या अमिनो आम्लांचा (प्रथिनांच्या घटकांचा) समतोल हे धोरण बरे. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारी यंत्रणा) कोरड्या हवेत उत्तम काम करतात, पण आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की धापून उष्णता बाहेर टाकणेच पक्ष्याला कठीण होते. तेव्हा फॉगर बंद करून पंख्यांचा वारा वाढवावा. पुढची बॅच उन्हाळ्यात येणार असेल, तर पिल्ले भरतानाच संख्या कमी ठेवावी.

विक्रीचे वयही याच वहीवरून ठरवावे. प्रत्येक आठवड्याचे खाद्य त्या आठवड्याच्या वजनवाढीने भागावे, म्हणजे एक किलो वजन वाढायला किती किलो खाद्य लागले ते कळते. वरच्या उदाहरणात पाचव्या आठवड्यात पक्ष्याने ९०० ग्रॅम खाद्य खाल्ले असेल, तर हा भागाकार दोनच्या थोडा वर येतो. सहाव्या आठवड्यात तो आणखी चढणार असे दिसत असेल आणि हवा उतरण्याची चिन्हे नसतील, तर पक्षी थोडे हलके असतानाच विकावेत आणि पकडण्याचे काम रात्री करावे.