प्रयोगशाळेचं दार आपोआप उघडतंय, पॅसेजमध्ये सॉल्व्हंटचा वास: माझा अनुभव

दार लावलं तरी हवेने बाहेर ढकललं जायचं, पॅसेजमध्ये ॲसिटोनचा वास. म्हणजे खोलीत ऋण दाब (बाहेरपेक्षा कमी) असायला हवा, तिथे धन (बाहेरपेक्षा जास्त). फिल्टर बदलले, एक्झॉस्टच्या (हवा बाहेर टाकणाऱ्या) पंख्याचा पट्टा ताणला, फरक शून्य. तीन आठवडे अक्षरशः डोकं पिकलं.

दोष सप्लाय डक्टच्या (खोलीत हवा आणणाऱ्या मार्गाच्या) प्रेशर सेन्सरच्या नळीत निघाला. जोडापाशी केसाएवढी चीर. सेन्सर दाब कमी दाखवायचा, म्हणून व्हीएफडी (पंख्याचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) सप्लायचा पंखा पूर्ण वेगाने पळवायचा आणि बाहेर जाते त्यापेक्षा जास्त हवा खोलीत भरायची.

आधी काम थांबवून फ्यूम हूडच्या (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटाच्या) काचा खाली घेतल्या. व्हीएफडी मॅन्युअलवर टाकून वेग उतरवला. जुनी नळी काढली, सेन्सरची दोन्ही तोंडं मोकळी ठेवून शून्य जुळवलं आणि मगच नवी नळी जोडली. हा क्रम उलटा करू नका. रीडिंग मॅनोमीटरशी (दाब मोजायच्या उपकरणाशी) ताडलं, मग ऑटोवर. शेवटी बंद दाराच्या फटीशी बाहेरून धूरनळी (हवेची दिशा दाखवायला धूर सोडणारी नळी) धरली. धूर सरळ आत ओढला गेला.