वाऱ्याच्या बेटावरची ट्रायथलॉन: मुंबईत राहून तयारी कशी करावी

मुंबईतला सायकलस्वार पहाटे साडेचारला घराबाहेर पडतो. रहदारी वाढायच्या आत मरीन ड्राइव्ह किंवा पूर्व द्रुतगती महामार्ग गाठायचा, साडेसातला परत यायचं, आंघोळ करून लोकल पकडायची. या शहरात दुसरा इलाज नाही. पण त्यात एक गोष्ट आपल्याला कधी भेटतच नाही, ती म्हणजे वारा. शाळेच्या भूगोलातले मतलई आणि खारे वारे आठवा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा मंद असतो. दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा खरा जोराचा, आणि तेव्हा आपण ऑफिसात असतो. हजारो किलोमीटर सायकल मारूनही वारा अंगावर घेऊन चालवायची सवय होत नाही, ती यामुळे.

हवाई बेटावरचं कोना किंवा मेक्सिकोचं कोझुमेल इथली पूर्ण अंतराची ट्रायथलॉन करायची असेल, तर तयारीची सुरुवात इथूनच करा. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं, सगळं १७ तासांच्या आत. अंतरं सगळीकडे तीच आहेत, पण अशा बेटावर १८० किलोमीटरचा अर्थ बदलतो.

आधी वारा समजून घ्या

दोन्ही बेटांवर व्यापारी वारे वाहतात. आपल्या खाऱ्या वाऱ्यांसारखी त्यांची दिशा दिवसरात्रीत उलटत नाही. कोन्याची सायकल शर्यत काळ्या लाव्ह्याच्या उघड्या माळरानातून उत्तरेला हावी गावापर्यंत जाऊन परत येते. ईशान्येकडून येणारा वारा कोहाला आणि मौना केआ या डोंगरांच्या मधल्या खिंडीत दाटतो आणि पश्चिम किनाऱ्याच्या उतारावर झेपावतो. तिथले लोक त्याला मुमुकु म्हणतात. तो समोरून कमी आणि कुशीतून जास्त येतो, तोही झटक्यांनी. कोझुमेल सपाट आहे. बेटाला तीन फेऱ्या मारायच्या आणि प्रत्येक फेरीत पूर्वेच्या मोकळ्या समुद्रालगतच्या रस्त्यावर वारा झेलायचा. पहिल्या फेरीत तो सोसतो. तिसरीत पाय थकलेले असतात आणि वारा तसाच असतो.

आता थोडं गणित. वाऱ्याचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तुम्ही ताशी ३० किलोमीटरने जाताय आणि समोरून ताशी २० चा वारा आहे, तर अंगावर येणारी हवा ५० ची झाली. अवरोध जवळजवळ पावणेतीन पट. तोच वेग टिकवायचा हट्ट धरला तर काय होईल, हे यावरून दिसतं. दुसरं, जाताना वाऱ्याने गमावलेला वेळ येताना भरून निघतो असं वाटतं, तसं होत नाही. ९० किलोमीटर २५ ने आणि ९० किलोमीटर ३५ ने गेलात, तर सरासरी ३० दिसते, पण वेळ सहा तासांऐवजी सहा तास दहा मिनिटं लागतो. कारण हळू वेगात तुम्ही जास्त वेळ घालवता.

कॅलेंडर उलटं मोजा

कोन्याची स्पर्धा ऑक्टोबरात होते आणि तिला पात्रता मिळवावी लागते. कोझुमेलची नोव्हेंबरच्या शेवटी, तिथे थेट नाव नोंदवता येतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने कोझुमेल धरावं असं माझं मत आहे. तिथून तयारीचे २४ आठवडे मागे मोजले की जूनचा पहिला आठवडा येतो, म्हणजे नेमका पाऊस. मुंबईकराच्या तयारीतली मोठी अडचण ही आहे, आणि ती आधीच मान्य केली तर पुढचं सोपं जातं.

जून ते ऑगस्ट लांब सायकल घरात, ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर करा. खड्डे पाण्याखाली असताना रात्रीच्या अंधारात महामार्गावर जाण्यात शौर्य नाही. गणपतीचा आठवडा विश्रांतीचा ठेवा. घरी पाहुणे, आरत्या, जागरणं असताना सराव रेटला की दोन्हीकडे मन लागत नाही. सप्टेंबर अखेरीला रस्ते कोरडे होऊ लागले की बाहेर पडा. आणि मग येते ऑक्टोबर हीट. सगळे तिला शिव्या देतात, पण तुमच्यासाठी ते उकाड्याच्या सरावाचं फुकटचं शिबिर आहे. दिवाळीच्या आसपास सर्वांत जड आठवडे येतात, हे घरच्यांशी जूनमध्येच बोलून ठेवा. शेवटचे दोन-तीन आठवडे सराव हळूहळू कमी करा. हे सगळं सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या, विशेषतः चाळिशीनंतर.

वारा शोधायला घराबाहेर पडा

अटल सेतू आणि वांद्रे-वरळी सी लिंक या वाऱ्याच्या उत्तम जागा, पण दोन्हीकडे सायकलला बंदी आहे. नवी मुंबईचा पाम बीच रस्ता जवळचा आणि बऱ्यापैकी उघडा, आठवड्यातल्या छोट्या सरावाला तो चालतो. पण खरी शाळा अलिबागला आहे. रविवारी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने सायकलसह मांडव्याला उतरा. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड, आणि परत. जाऊन-येऊन साधारण १४० किलोमीटर होतात. मुख्य म्हणजे निघण्याची वेळ अशी ठेवा की मुरूडहून परत फिरताना दुपार झालेली असेल. तेव्हा वायव्येचा खारा वारा तोंडावर येतो, आणि काशीदच्या मोकळ्या किनाऱ्यापाशी आडोसाही नसतो.

तिथेच मी पहिल्यांदा वारा शिकले. जाताना ३२ चा वेग सहज दिसत होता, म्हणून परतीला निदान २८ तरी ठेवू असं ठरवलं. काशीद ओलांडलं आणि कोर्लईच्या आधीच मांड्या भरून आल्या. रेवदंड्याच्या पुलावर उतरून बसावं लागलं. सोबतचे एक काका माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. त्यांनी वेग २२ वर येऊ दिला होता, श्वास मात्र दिवसभर एकसारखा. ते मांडव्याला माझ्या आधी पोचून चहा पीत होते.

म्हणून पहिला नियम: वाऱ्यात वेग बघायचा नाही, जोर बघायचा. पेडलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर असेल तर त्यावरचे वॉट धरा, नसेल तर नाडीचे ठोके, तेही नसेल तर श्वास. पूर्ण वाक्य बोलता येतंय का, एवढं पुरे. समोरून वारा आला की हलका गिअर घ्या, पायांची लय तीच ठेवा, अंग खाली घ्या. सायकलच्या स्क्रीनवरचा वेगाचा आकडा स्पर्धेच्या दिवशी लपवूनच टाका.

कुशीतला वारा वेगळा, तो कौशल्याने हाताळायचा. हँडल घट्ट आवळलं की झटका सरळ पुढच्या चाकात जातो, म्हणून कोपर सैल आणि नजर दूर ठेवायची. पेडल मारणं थांबवू नका, फिरत्या पायांनी तोल सावरतो. जोराचा झटका दिसत असेल, झाडांची रांग संपत असेल किंवा डोंगराची कड उघडी होत असेल, तर एरोबारवरून, म्हणजे वाकून कोपर टेकायच्या पुढच्या दांड्यांवरून, हात आधीच खाली ब्रेकपाशी आणा. उरण-जेएनपीटी बाजूच्या रस्त्यांवर कंटेनर शेजारून गेला की काय होतं, ते अनुभवलेल्याला हे लगेच कळेल: क्षणभर वारा अडतो, आणि गाडी पुढे गेली की दुप्पट जोराने आदळतो. तिथे मुद्दाम सरावाला मात्र जाऊ नका.

चाकांबद्दल दुकानदार बरंच काही सांगतील. पुढचं चाक कमी खोलीच्या, म्हणजे अरुंद कडेच्या रिमचं घ्या, विशेषतः तुमचं वजन ६० किलोच्या आत असेल तर, कारण वळवण्याचं काम तेच करतं. मागचं खोल असलं तरी चालतं. कोन्याला तर मागचं बंद डिस्क चाक वापरायलाच मनाई आहे, याच वाऱ्यामुळे. आणि घरी आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवून साखळीला तेल घाला. खारी हवा आठवड्यात बोल्ट गंजवते.

एक मोह टाळा: वाऱ्यात दुसऱ्याच्या मागे लपण्याचा. या स्पर्धांत वयोगटातल्या, म्हणजे आपल्यासारख्या हौशी खेळाडूंना पुढच्या सायकलपासून १२ मीटरचं अंतर ठेवावं लागतं, नाहीतर दंडाच्या तंबूत थांबावं लागतं. आपल्या ग्रुप राइडमध्ये चाकाला चाक लावून जाण्याची सवय इतकी पक्की असते की ती मोडायला महिने लागतात. लांब राइडचे निदान दोन तास एकटीने, एकट्याने काढा.

घाम, मीठ, साखर

मुंबईत घाम वाळत नाही, हनुवटीवरून टपकतो, म्हणून आपल्याला तो दिसतो. वाऱ्याच्या बेटावर तो दिसायच्या आत वाळतो. अंग कोरडं, वारा सुखद, आणि शरीरातून लिटरभर पाणी गेलेलं असतं. बहुतेकांची चूक इथे होते. उलट पाठीमागून वारा असला की तुम्ही आणि हवा एकाच वेगाने चालता, अंगाला हवा लागतच नाही, आणि अचानक भट्टीत शिरल्यासारखं होतं. डोक्यावर पाणी ओतायचं ते तेव्हा.

तुमचा घाम किती जातो ते घरी मोजा. समजा, धावायला जाताना वजन ६२ किलो, दीड तासाने परत आल्यावर अंग पुसून ६०.४, मधे अर्धा लिटर पाणी प्यायलात. म्हणजे २.१ लिटर घाम, ताशी १.४ लिटर. हे जूनमध्ये, ऑक्टोबरमध्ये आणि ट्रेनरवर वेगवेगळं मोजा. सगळं भरून काढायचा प्रयत्न करू नका. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं अशी लक्षणं दिसली की आणखी पाणी पिऊ नका, वैद्यकीय मदत घ्या.

खाण्याचा हिशेब ताशी ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकांचा. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम. माझी घरची बाटली अशी: ७५० मिली पाण्यात ६० ग्रॅम साखर, पाव चमच्याहून थोडं कमी मीठ आणि चवीला कोकम आगळ. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, आणि आतडी त्या दोन्हींना वेगवेगळ्या वाटांनी शोषतात, म्हणून पोटाला ती झेपते. सोबत उकडलेला बटाटा किंवा खजूर. शेंगदाण्याची चिक्की चवीला छान, पण वाऱ्यात जोर लावत असताना तिचं तूप-तेल पोटात बसून राहतं. आणि खायचं ते घड्याळ बघून, किलोमीटर बघून नाही. वाऱ्यामुळे सायकल चाळीस मिनिटं लांबली तर चाळीस मिनिटांचं खाणंही जास्त लागतं, हे विसरल्याने मॅरेथॉनच्या अर्ध्यात पाय सोडून देणारे पुष्कळ आहेत.

उकाड्याची सवय लागायला १० ते १४ दिवस रोज तासभर उन्हात घाम काढावा लागतो. त्यात रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ऑक्टोबरात अकराच्या उन्हात धावा. मला यासाठी शिवाजी पार्कचा कट्टा आवडतो: बाटली कट्ट्यावर ठेवायची, फेऱ्या मारायच्या, चक्कर आली तर माणसं जवळ असतात. चक्कर, थंडी वाजणं, घाम थांबणं यातलं काहीही झालं की तिथेच थांबा.

समुद्रात उतरताना

अंतर तलावातच कमवायचं. दादरच्या महात्मा गांधी स्मारक तलावासारख्या ५० मीटरच्या तलावात ३.८ किलोमीटर म्हणजे ७६ लेंग्थ. पावसाळ्यात समुद्र वर्ज्य, आणि त्यानंतरही काही दिवस जुहूला निळ्या जेलीफिशचा त्रास असतो. स्पर्धेच्या आधीच्या हिवाळ्यात मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी जलतरण स्पर्धेत उतरा. गर्दीत, लाटांत, खाऱ्या पाण्यात पोहण्याची भीती तिथे जाते.

किनाऱ्यावर सरावाला जाताना कोकणातला जुना हिशेब कामी येतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. भरतीच्या अर्धा-पाऊण तास आधी उतरायचं आणि ओहोटीचा ओढा लागायच्या आत बाहेर यायचं. एकट्याने कधीच नाही, आणि कमरेला नारिंगी फुगा बांधूनच.

वाऱ्याने लाटा एका बाजूने येतात, म्हणून दोन्ही बाजूंनी श्वास घेता यायला हवा. दर सहा ते आठ हातांनंतर डोळे पाण्याबाहेर काढून पुढची खूण बघा, लाटेच्या माथ्यावर असताना. कोन्याला वेटसूटला, म्हणजे अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखाला परवानगी नसते, आणि आपण तसेही साध्या कपड्यांत पोहणारे, तेव्हा त्याचं भय नको.

निघताना आणि तिथे

व्हिसाचं काम नाव नोंदवलं त्याच आठवड्यात सुरू करा. कोझुमेलची वेळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, कोन्याची साडेपंधरा. निदान आठ-नऊ दिवस आधी पोचा. सायकल पेटीत भरताना मागचा गिअर काढून गुंडाळा, तो फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, जादा घ्या. टायर फुगवायची हवेची छोटी नळकांडी विमानात नेता येतीलच असं नाही, तिथेच विकत घ्या. पोचल्यावर स्पर्धेच्या वेळी, स्पर्धेच्याच वाटेवर तासभर सायकल चालवा आणि कुठे झटका येतो ते लिहून ठेवा.

स्पर्धेच्या दिवशी वारा सगळ्यांनाच लागेल. पहिल्या ६० किलोमीटरमध्ये पुष्कळ लोक तुम्हाला ओलांडून जातील, त्यांना जाऊ द्या. सायकलवरून उतरून बूट बांधताना पाय वाकवता येत असतील, पोट शांत असेल आणि दोन घोट कोकम अजून गोड लागत असेल, तर पहिले दोन किलोमीटर मुद्दाम हळू धावा, आणि मग तुमची लय धरा.