लिनक्सवर एफएल स्टुडिओ: आवाज नेमका कुठे अडतो?

एफएल स्टुडिओ हे संगीत बनवायचं सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकसाठी बनतं. लिनक्सवर ते वाइनच्या, म्हणजे विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या, जिवावर चालतं, त्यामुळे बिघडलं तर निस्तरायचं आपल्यालाच. आधी आवाजाची वाट लक्षात ठेवा: प्रोग्राम, वाइन, वाइनएसिओ (वाइनमधला ऑडिओ ड्रायव्हर), पाइपवायर (लिनक्सचा आवाज सांभाळणारी सेवा), मग ऑडिओ इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारं उपकरण). दहा उपाय एकदम केले की कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, काहीच कळत नाही. म्हणून सुरुवात शेवटच्या टोकाकडून करा. लिनक्सच्या साध्या प्लेअरमधूनच आवाज येत नसेल, तर वाइनला हातही लावू नका.

वाइन आपला सगळा विंडोजी संसार एका फोल्डरात मांडतं. त्याला प्रीफिक्स म्हणतात. काही सांगितलं नाही तर सगळं होममधल्या लपलेल्या 'डॉट वाइन' फोल्डरात जातं. संगीतासाठी वेगळा प्रीफिक्स करा आणि प्रोग्राम नीट चालला की तो अख्खा फोल्डर कॉपी करून ठेवा. पुढचा कुठलाही प्रयोग फसला तरी दोन मिनिटांत मागे येता येतं.

प्रोग्राम उघडतच नसेल तर आयकॉनवर क्लिक करत बसू नका, टर्मिनलमधून चालवा. ओळींचा पूर येतो. 'फिक्समी'ने सुरू होणाऱ्या ओळी बहुतेकदा निरुपद्रवी असतात, घाबरू नका. बघायच्या त्या 'एरर'च्या. तिथे 'इम्पोर्ट डीएलएल'पुढे 'एमएसव्हीसीपी१४०' सापडली नाही असं दिसलं, तर व्हिज्युअल सी प्लस प्लस रनटाइम नाही एवढाच अर्थ. वाइनट्रिक्स या वाइनच्या मदतनीस साधनातून ते त्याच प्रीफिक्समध्ये टाका.

ड्रायव्हरच्या यादीत वाइनएसिओ दिसत नाही, ही नवख्यांची नेहमीची तक्रार. प्रत्येक प्रीफिक्सची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजी सेटिंगांची नोंदवही, वेगळी असते. वाइनएसिओची नोंदणी मूळ प्रीफिक्समध्ये झालेली असते आणि प्रोग्राम दुसऱ्यातून चालत असतो. योग्य प्रीफिक्समध्ये पुन्हा नोंदणी करा. नाव दिसतं पण ड्रायव्हर उघडत नाही, तर वाइनएसिओला जॅक, म्हणजे ज्या ऑडिओ व्यवस्थेतून ते आवाज पाठवतं ती, सापडलेलं नसतं. पाइपवायरचा जॅक भाग इन्स्टॉल आहे का बघा, आणि प्रोग्राम 'पीडब्ल्यू-जॅक' या कमांडमधून सुरू करून बघा. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) एफएलमधून बदलत नाही, कारण तो जॅकच्या बाजूला ठरतो. प्रोजेक्ट ४४,१००चा आणि पाइपवायर ४८,०००वर असेल तर पाइपवायरचाच रेट बदला.

आता कटकट, म्हणजे आवाजात होणारी टकटक आणि मध्येच तुटणं. टर्मिनलमध्ये पाइपवायरचं 'पीडब्ल्यू-टॉप' उघडा आणि गाणं वाजत असताना 'ईआरआर'चा रकाना बघा. आकडा चढतोय, म्हणजे बफर, अर्थात एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा, वेळेत भरत नाही. ४८,०००वर २५६ फ्रेम म्हणजे ५.३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७, १,०२४ म्हणजे २१.३. ही एकाच बफरची वेळ. प्रत्यक्ष विलंब याहून जास्त. सुरुवात ५१२ने करा. कीबोर्ड वाजवताना २५६वर या, मिक्सिंगला खुशाल १,०२४ ठेवा. ६४चा हट्ट वाइनखाली करण्यात अर्थ नाही.

बफर वाढवूनही टकटक राहिली तर रिअलटाइम परवानगी, म्हणजे ऑडिओच्या कामाला प्रोसेसरवर आधी वेळ मिळण्याची सोय, तपासा. 'ऑडिओ' गटाला 'आरटीप्रायो' (प्राधान्य) ९५ आणि 'मेमलॉक' (राखून ठेवायची मेमरी) अमर्याद हवं, आणि तुम्ही त्या गटात हवेत. बदल केल्यावर लॉगआउट करून परत या. नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही. लॅपटॉपवर प्रोसेसर 'पॉवरसेव्ह'वर असेल तर 'परफॉर्मन्स'वर न्या.

रीपर किंवा बिटविग हे संगीताचे प्रोग्राम वापरत असाल तर ते वाइनशिवाय थेट लिनक्सवर चालतात. विंडोजच्या प्लगइनसाठी (प्रोग्रामात जोडायची वाद्यं आणि इफेक्ट) यब्रिज हा पूल लावा. नवीन प्लगइन टाकलं की दर वेळी 'यब्रिजसीटीएल सिंक' चालवावं लागतं, नाहीतर यादीत येत नाही. यब्रिज ५.१.१ सोबत वाइन ९.२२ किंवा पुढचं असेल तर माउस एकीकडे आणि क्लिक भलतीकडे, असं होतं. तिथे वाइन ९.२१वर थांबणंच शहाणपणाचं. प्लगइनची खिडकी काळी आली तर डीएक्सव्हीके (विंडोजचे ग्राफिक्स लिनक्सवर चालवणारं साधन) टाकून बघा. आणि डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लागणारी प्लगइन विकत घेण्याआधी चाचणी आवृत्ती चालवून बघा. वाइनखाली ती बऱ्याचदा अडतात.