मांजराच्या खपल्या आणि माझ्या दोन चुका

पशुवैद्यकाची पदवी घेऊन दवाखान्यात रुजू झालो तेव्हा मांजराच्या तोंडावर खपल्या दिसल्या की गजकर्ण नाहीतर खरूज, एवढीच माझी समज होती. नाकावर आणि कानांच्या पाळ्यांवर पिवळट खपल्या धरलेल्या एका बोक्याला मी दोन्हींची औषधे देऊन पाहिली, पण गुण येईना. शेवटी वरिष्ठ डॉक्टरांनी त्याचा पंजा दाबून नख बाहेर काढले, तर नखाच्या मुळाशी पनीरासारखा घट्ट पांढरा पू साचलेला होता. पंजे मी पाहिलेच नव्हते.

त्या पुवाच्या स्लाइडवर पांढऱ्या पेशींच्या गर्दीत एकमेकींपासून सुटलेल्या, गोल, गडद जांभळ्या त्वचापेशी दिसल्या. ही खूण पेम्फिगस फोलिएशियस या त्वचारोगाची. त्यात शरीराची, एरवी जंतूंशी लढणारी प्रतिपिंडे त्वचापेशींना जोडून ठेवणाऱ्या दुव्यांवरच हल्ला करतात. मांजरांच्या स्वयंप्रतिकार त्वचारोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो. मात्र काही बुरशींच्या संसर्गातही अशा पेशी दिसू शकतात, म्हणून फंगल कल्चर (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणे) आणि बायोप्सी (त्वचेचा तुकडा काढून तपासणे) टाळू नये.

बायोप्सीतच माझी दुसरी चूक झाली. शस्त्रक्रियेच्या सवयीने मी जागा भादरून स्पिरिटने स्वच्छ पुसली आणि निदान ज्या खपलीत होते तीच काढून टाकली. अहवाल निरुपयोगी आला आणि बोक्याला पुन्हा भूल द्यावी लागली. नमुना खपलीसकट, न पुसता आणि शक्यतो स्टिरॉइड सुरू करण्यापूर्वीच घ्यावा.

उपचाराची सुरुवात बहुधा प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने होते, वजनाच्या किलोमागे रोज 2 ते 4 मिलिग्रॅम. प्रेडनिसोन देऊ नये, कारण मांजराच्या शरीरात त्याचे प्रेडनिसोलोनमध्ये पुरेसे रूपांतर होत नाही. कुत्र्यांना दिले जाणारे अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध मांजराची अस्थिमज्जा, म्हणजे रक्तपेशी बनवणारा हाडांतला मगज, दाबून टाकते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊच नये. स्टिरॉइड पुरेसे पडत नसेल किंवा मधुमेहाची भीती असेल, तर सायक्लोस्पोरिन किंवा, रक्ततपासणीवर लक्ष ठेवून, क्लोरॅम्ब्युसिल हे पर्याय आहेत.

नव्या खपल्या येणे थांबले की मात्रा दर दोन-चार आठवड्यांनी साधारण पाव हिश्शाने कमी करतात. आमच्या बोक्याचे तोंड स्वच्छ दिसताच घरच्या काकूंनी गोळ्या परस्पर बंद केल्या आणि महिन्याभरात खपल्या परतल्या. दोष माझाच होता; औषध कदाचित जन्मभर लागेल, हे मी पहिल्या दिवशी सांगितलेच नव्हते. आता ते आणि खर्चाचा अंदाज आधी सांगतो, आणि पहिली गोळी घरच्यांनाच माझ्यासमोर भरवायला लावतो.