महामार्गावर गाडी थांबवावी लागली तर

ठाण्याहून नाशिककडे किंवा कळंबोलीहून द्रुतगती मार्गाने पुण्याकडे निघाल्यावर फोन, फोटो अथवा लघुशंका यांसाठी कडेला मुळीच थांबू नये. पेट्रोल पंप किंवा फूड मॉल येईपर्यंत दम धरावा.

बिघाड झाल्यास आरसा पाहून, इंडिकेटर देऊन, एकेक लेन सोडत डाव्या कडेला यावे. वळण, चढाचा माथा आणि जोडरस्ता मिळतो तो टप्पा टाळावा. टायर बसला तरी वाशीच्या खाडीपुलावर किंवा गायमुखच्या वळणावर न थांबता, चारही इंडिकेटर लावून सावकाश पुढे जावे. टायर वाया जाईल, कदाचित रिमही. ती नवी मिळते.

यानंतरचा टप्पा सर्वांत अवघड असतो आणि मलाही तोच सर्वांत उशिरा जमला. चारही इंडिकेटर चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, चाके डावीकडे वळवावीत आणि सर्वांनी डाव्या दारानेच उतरावे. चालकानेही शक्य असल्यास गिअरच्या दांड्यावरून सरकून त्याच दाराने बाहेर पडावे, कारण उजवे दार थेट वाहत्या रस्त्यात उघडते. ‘गाडीत बसून राहा, तेच सुरक्षित’ हा सल्ला सर्रास दिला जातो. बाहेर पडून लांब जाणे शक्य असताना तो मानू नये. मुलांचा हात धरून पत्र्याच्या कठड्यापलीकडे जावे, मात्र पलीकडे उतार किंवा दरी नाही हे आधी पाहावे. तिथेही गाडीच्या पुढे न थांबता, वाहने येतात त्या बाजूला, गाडीपासून अंतर राखून उभे राहावे. मागून धडक बसली तर गाडी पुढे फेकली जाते. डिकीमागे घोळका करून उभे राहणाऱ्यांना हे कळकळीने सांगावेसे वाटते, कारण रात्री त्यांच्या पाठीमुळे गाडीचे दिवेच झाकले जातात.

परावर्तक त्रिकोण गाडीपासून दहा पावलांवर ठेवणे निरुपयोगी आहे. ताशी 80 किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे 22 मीटर कापते, म्हणजे 50 मीटरवरच्या त्रिकोणामुळे मागच्याला जेमतेम सव्वादोन सेकंद मिळतात. द्रुतगती मार्गावर 100 मीटर, म्हणजे साधारण सव्वाशे ते दीडशे पावले, कठड्याबाहेरून मागे जावे आणि चालताना त्रिकोण उघडून छातीसमोर धरावा. गाडी वळणापुढे असेल तर तो वळणाआधीच ठेवावा. त्याऐवजी दगड आणि फांद्या मांडण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री दुचाकीस्वार त्यांवर आपटतो.

मदतीसाठी 112 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक आहेत. फोन लावताना जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगावा.

पावसात रेनकोट चढवण्यासाठी दुचाकीस्वार माजिवड्यासारख्या उड्डाणपुलांखाली थेट लेनमध्ये थांबतात, आणि पावसाच्या पडद्यातून येणाऱ्या चालकाला ते अखेरच्या क्षणी दिसतात. रेनकोट निघण्यापूर्वीच घालावा.

दुरुस्ती झाली की सर्वांना बसवण्यापूर्वी त्रिकोण उचलून आणावा, चारही इंडिकेटर बंद करून उजवा इंडिकेटर द्यावा, कडेच्या पट्टीवरच वेग वाढवावा आणि मोठी फट मिळाल्यावरच लेनमध्ये शिरावे.